विरोधाची परवानगी

मागच्या निवडणुकीत शेखरदादा सात मतांनी निवडून आले, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली ती उडालीच.

सात मतं म्हणजे काय हो? एक बिऱ्हाड आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे. त्या दिवशी कोणाच्या पोराची ट्यूशन लवकर सुटली असती, तर सागरतीर मराठी मंडळाचं अध्यक्षपद संजीवनीताईंकडे गेलं असतं. मंडळ काढलं शेखरदादांनी, वाढवलं शेखरदादांनी, पहिल्या वर्षी पेणची मूर्ती मांडीवर घेऊन विमानात बसले तेही शेखरदादाच. हरायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यांचं खरं नाव चंद्रशेखर. एका बड्या बँकेत बडा हुद्दा, ईस्ट कोस्टला समुद्र दिसेल असा कॉन्डो, आणि आवाज इतका मऊ की समोरचा माणूस नाही म्हणायचंच विसरून जायचा. संजीवनीताई नेमक्या उलट. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, आंग मो किओला फ्लॅट, नवरा वर्षातला निम्मा काळ जहाजावर. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे हा धंदा, त्यामुळे स्वतः वाकायची सवय नाही. दिवाळीच्या नाटकातल्या चांगल्या भूमिका त्याच चार घरांत का जातात, असं त्या प्रत्येक सभेत उभं राहून विचारायच्या. प्रत्येक सभेत. त्या चार घरांतली माणसं तेव्हा छताकडे बघायची.

आणि या दोघांच्या मधे सापडला सारंग.

सारंग पुण्याचा, तिशीतला, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधे टेस्टिंगचं काम करायचा. सिंगापूरला आला त्याच वर्षी त्याला डेंगी झाला. तेव्हा संजीवनीताईंनी त्याला आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं आणि पपईच्या पानांचा रस नाक दाबून पाजला होता. हे उपकार. आता त्याची कंपनी त्याचं अख्खं डिपार्टमेंट मनिलाला हलवत होती, त्याचा नोकरीवरचा पास नोव्हेंबरात संपत होता, आणि शेखरदादांनी आपल्या बँकेत त्याच्यासाठी शब्द टाकला होता. हेही उपकार, पण हे अजून व्हायचे होते. झालेल्या उपकारापेक्षा व्हायच्या उपकाराचं वजन जास्त असतं. सारंगला हे कळत होतं. कबूल नव्हतं, एवढंच.

साल होतं २०१७. देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही तेव्हाच आली होती. त्या खेपेला ते पद एका समाजासाठी राखीव होतं, कारण पुष्कळ वर्षांत त्या समाजाची पाळी आली नव्हती. शिवाय उमेदवार धंद्यातला असेल, तर त्याची कंपनी पन्नास कोटी डॉलरच्या भांडवलाची हवी. मंडळातली माणसं यावर पोट धरधरून हसायची.

"पन्नास कोटी! म्हणजे खुर्चीला उभं राहायचं की खुर्ची विकत घ्यायची?" चारुदत्त म्हणायचा.

शेखरदादा हसायचे नाहीत. ते लक्ष देऊन ऐकायचे.

जुलैच्या सभेत त्यांनी मऊ आवाजात मांडलं, की आपल्या मंडळाला आजवर विदर्भाचा अध्यक्ष मिळालेला नाही. हा अन्याय आहे. सबब या वेळचं अध्यक्षपद विदर्भासाठी राखीव. टाळ्या पडल्या. अन्यायाच्या बाजूने कोण बोलणार? स्वतः शेखरदादा साताऱ्याचे, म्हणजे ते आपोआप बाद. केवढा तो त्याग! मग उमेदवार म्हणून त्यांनीच नीतावहिनींचं नाव सुचवलं. नीतावहिनी त्याच चार घरांतल्या एक, मूळच्या डोंबिवलीच्या, पण त्यांचे आजोबा नागपूरला पोस्टात होते.

"रजेवर आले की संत्री आणायचे," वहिनी लाजून म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून संजीवनीताई उठल्या. एरवी त्यांची भाषा तुपात घोळलेली पुणेरी. त्या दिवशी त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काऊन जी दादा? अकोला काय कर्नाटकात गेलं? माहं माहेर अकोला. जठारपेठेत जन्म झाला माहा. इचारा कोणालेबी!"

सभा गार. शेखरदादांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे तिथून उठून गेले.

महिन्याभरात दुसरी अट आली. अध्यक्षाला मोठ्या कार्याचा अनुभव हवा. ज्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाचशे पानांची पंगत उठवली असेल, तोच पात्र. नीतावहिनी गेली काही वर्षं गणपतीच्या महाप्रसादाच्या प्रमुख, त्यांना पाचशे म्हणजे किरकोळ. संजीवनीताईंना मंडळाने पाण्याच्या ग्लासांपलीकडे कधी काही सोपवलंच नव्हतं. आणि अर्जाची मुदत ठेवली घटस्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत. म्हणजे गणपती गेल्यावर हातात उरला नुसता पितृपक्ष. पितृपक्षात पंगत कोण घालतंय?

पात्रता ठरवायला तिघांची समिती नेमली. अभयकाका, रिटायर्ड अकाउंटंट, इथले नागरिक, मंडळातले सगळ्यांत जुने. चारुदत्त, शेखरदादांच्याच बँकेत, त्यांच्याच मजल्यावर. आणि तरुण पिढीचा प्रतिनिधी म्हणून सारंग.

"मला का घेतलं, दादा?" सारंगने विचारलं.

"अरे, तरुणांनी पुढे यायला नको?" शेखरदादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाय द वे, तुझा इंटरव्ह्यू निवडणुकीनंतर धरलाय. आपण एकेक काम घेऊ. काय?"

सारंग म्हणाला, "हो दादा."

दुसरं काही आठवलंच नाही त्याला.

*

"पंगत पितृपक्षातच घालायची," संजीवनीताईंनी जाहीर केलं. हातात लाटणं होतं, त्यामुळे ते जास्तच जाहीर वाटलं.

सारंग त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसला होता. "ताई, लोक म्हणतील श्राद्धाचं जेवण."

"म्हणू देत. आपल्याकडे मेलेल्यांची मतं पडतात, ती सगळ्यांना चालतात. मेलेल्यांच्या नावाने पानं मांडली की बरं टोचायला लागतं!"

त्यांची मुलगी जाई फोनमधून मान वर न काढता, शेवटी सिंगापुरी "ला" लावत म्हणाली, "मम्मा, फाइव्ह हंड्रेड पीपल कुठून आणणार ला? एवढे मराठी लोक तर होल वर्ल्डमधे नाहीत."

"तू गप्प बस आणि केळीची पानं कुठे मिळतात ते बघ."

"ताई," सारंग चाचरत म्हणाला, "मी समितीत आहे. मला कशाला हात लावता येणार नाही."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पेशंटचा गुडघा किती वाकेल याचा अंदाज घेतात ना, तसं. "नको लावूस. येऊन जेव. ते तरी चालेल ना तुमच्या समितीला?"

त्याच आठवड्यात बातमी आली. देशाच्या निवडणुकीत एकच उमेदवार पात्र ठरला, बाकीचे अटीत बसले नाहीत, त्यामुळे मतदानच होणार नाही. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. काय ही थट्टा, याला काय लोकशाही म्हणायची, आपल्याकडे असतं तर लोकांनी बसेस जाळल्या असत्या. अभयकाकांनी लिहिलं, "मतदान केंद्र माझ्याच ब्लॉकखाली होतं. गुडघे दुखले तरी जाणार होतो." त्यावर शेखरदादांचा मेसेज: "आपण भाग्यवान आहोत. निदान आपल्या मंडळात लोकशाही जिवंत आहे." खाली हात जोडलेले. त्याच्या खाली दुसरा मेसेज: रविवारी सकाळपासून दिवाळीच्या नाटकाची तालीम, दादांच्या कॉन्डोत, सहकुटुंब या, बटाटेवडे आहेत.

रविवारीच संजीवनीताईंची पंगत होती.

*

ब्लॉकखालची मोकळी जागा ताईंनी रीतसर परवानगी काढून घेतली होती. तिथे मलय लोकांची लग्नंही लागतात आणि चिनी लोकांची मयतंही असतात. म्हणजे जागेला सवय होती. लिटल इंडियातल्या टेक्काच्या बाजारातून केळीची पानं आली. वडाभात, पाटवडीचा रस्सा, कढी, शिरा. रस्स्याचा वास पार वरच्या मजल्यापर्यंत गेला, आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

समिती तपासायला हजर. चारुदत्तच्या हातात विमानातल्या बायका माणसं मोजायला वापरतात तसलं टकटक यंत्र. अभयकाका बाही दुमडून आलेले, तपासणीसाठी की जेवणासाठी ते सांगता येत नव्हतं. सारंग एका खांबाला टेकून उभा.

पहिल्या पंगतीला थोडीच माणसं बसली, तीही तुटक तुटक. ताईंचे जुने पेशंट, जहाजावरच्या नवऱ्याचे दोन मित्र, नाटकात भूमिका न मिळालेली काही घरं. बाकी मराठी सिंगापूर बटाटेवड्यांकडे गेलेलं. टकटक यंत्र शांत पडलं. चारुदत्त ते खिशात घालतच होता, तेवढ्यात सायकलवरून एक चिनी म्हातारा येऊन थांबला. पानं, रांगा, धूर, सगळं त्याने नीट बघून घेतलं.

"आंटी, घोस्ट मंथ डिनर आह?"

चिनी लोकांचा सातवा महिना चालला होता. भुकेल्या पितरांचा महिना. गल्लोगल्ली उदबत्त्या, संत्र्यांचे ढीग, रस्त्याकडेला कागद जाळणं चालू. संजीवनीताईंनी हातातला डाव तसाच वर धरला. बहुतेक त्या क्षणी त्यांचे अकोल्याचे सगळे पितर मदतीला आले असावेत.

"येस अंकल! सेम सेम! अवर ग्रँडफादर ऑल्सो व्हेरी हंग्री. कम, सिट!"

अंकलने सायकल भिंतीला लावली आणि फोन काढला.

मग जी माणसं आली! सकाळी पंखे हातात घेऊन नाचणाऱ्या आज्यांचा अख्खा ग्रुप आला. पत्ते खेळणारे आजोबा आले. रविवारची सुट्टी असलेल्या फिलिपिनो मुली आल्या, समोरच्या ब्लॉकमधलं तमिळ कुटुंब आलं, त्यांना पान बघून इतका आनंद झाला की ते वाढायलाच लागले. ज्यांना मांडी घालता येईना त्यांच्यासाठी ताईंनी बाकं ओढली, आणि वाढता वाढता दोघांना गुडघ्याचे व्यायामही सांगून टाकले. एका चिनी आजीने पानावर आडवा हात धरला तरी ताईंनी बोटांच्या फटीतून शिरा वाढलाच.

"व्हाय युअर मदर डोन्ट स्टॉप?" आजीने घाबरून जाईला विचारलं.

"आंटी, यू मस्ट से नो थ्री टाइम्स," जाई म्हणाली. "फर्स्ट टू डोन्ट काउंट ला."

चारुदत्तचा अंगठा दुखायला लागला. तो अभयकाकांच्या कानाशी आला. "काका, ही चिन्यांची पानं धरायची का?"

"नियमात पान लिहिलंय. पानावर कोण बसलंय ते नाही लिहिलेलं."

"आणि पितृपक्षाचं काय?"

"चारू, शिरा गार होतोय तुझा."

दुपार कलली तेव्हा पाचशे होऊन वर माणसं गेली होती. रिकामी पातेली, चिकट फरशी, आणि बाकावर बसलेल्या संजीवनीताई. डोक्यावरचा अंबाडा सुटलेला, पदर हळदीने पिवळा. सारंग जवळ गेला.

"झालं ना रे?" त्यांनी विचारलं.

"झालं, ताई."

"मग सभेत तेवढंच सांग. जास्त काही नको."

*

जास्त काही नको! तिथेच तर सगळं होतं.

दोन दिवस सारंगला जेवण गोड लागलं नाही. खरं बोललो तर नोकरी जाते, म्हणजे पास जातो, म्हणजे पुण्याला परत, आणि तिशी ओलांडल्यावर आईच्या हातचा डबा घेऊन हिंजवडीची बस. खोटं बोललो तर ताईंच्या घरचा उंबरा संपला. विचार करता करता, आंग मो किओच्या स्टेशनवर सरकत्या जिन्याने वर जाताना, त्याला एकदम सुचलं. आणि सुचलं ते इतकं सोपं होतं की तो स्वतःशी हसला.

अभयकाका आणि चारुदत्त दोघंही दादांचेच. दोघं अपात्र म्हणणार. म्हणजे निकाल ठरलेलाच. मग आपण एकट्याने पात्र म्हटलं तर बिघडलं कुठे? ताईंना वाटेल, पोरगा उभा राहिला. दादांचं काही जाणार नाही. फक्त दादांना आधी सांगून ठेवायचं.

शनिवारी सकाळी शेखरदादा ईस्ट कोस्टच्या पार्कात सायकल चालवून झाल्यावर हॉकर सेंटरला चहाला बसायचे. सारंगने तिथेच त्यांना गाठलं.

"दादा, तीन विरुद्ध शून्य निकाल लागला तर लोक म्हणतील समिती विकली गेलीय."

दादांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मग?"

"एकाने विरोध केला तर बरं दिसेल. मी करतो. जोरात करतो. दोन विरुद्ध एक. निकाल तोच."

शेखरदादांनी त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांनी हसण्यात भाग घेतला. "अरे, तू तर भलताच तयार झालास! मीच सांगणार होतो कोणालातरी. कर. छान बोल. डोळ्यांत पाणी आण लोकांच्या." त्यांनी त्याच्यापुढे टोस्ट सरकवला. "बँकेत असलीच माणसं लागतात."

घरी जाताना सारंगने गाडीत उभ्या उभ्या फोनवर भाषण टाइप केलं. काय भाषण झालं! सत्य, पंगत, एका ओळीत बसलेले सगळे देश. स्टेशन मागे पडलं तरी त्याला कळलं नाही. एक वाक्य तर त्याने स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो निर्भय झाला होता, आणि तेही रीतसर परवानगी घेऊन.

*

सभा दादांच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममधे. काचेपलीकडे स्विमिंग पूल, अलीकडे साठसत्तर माणसं. पुढच्या रांगेत नीतावहिनी, केशरी पैठणी नेसून. संत्र्याची आठवण म्हणून असेल. संजीवनीताई हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममधेच आलेल्या, मागे, दाराजवळ.

समितीने उघड मत द्यायचं ठरलं होतं. आधी चारुदत्त उठला.

"पितृपक्षातली पंगत ही मंगलकार्य धरता येत नाही. त्यात जेवणारे बहुतांशी परकीय. शिवाय नियमात म्हटलंय की समितीचं समाधान झालं पाहिजे. माझं झालेलं नाही. अपात्र."

"रस्सा तीनदा मागून घेतलास तरी?" मागून ताईंचा आवाज आला. हशा पिकला. चारुदत्त कान लाल करून बसला.

मग अभयकाका उठले. घसा खाकरला. "पान म्हणजे पान. मी स्वतः मोजली. पात्र." आणि बसले.

शेखरदादांच्या हातातला कप बशीपासून वितभर वर थांबला. सारंगने अभयकाकांकडे पाहिलं. काका अगदी निवांत. त्यांनी सारंगला डोळा मारला आणि पुटपुटले, "मी चारूला विचारून ठेवलंय. एकाने विरोध केला की बरं दिसतं. तू म्हण आता अपात्र, मोकळे होऊ."

"काका!" सारंग पुटपुटला. "विरोध मी करणार होतो!"

"तू? तुला कोणी सांगितलं?"

"दादांनी!"

काकांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेचना. पलीकडे चारुदत्त छताचा पंखा मोजत होता. पंखा एकच होता.

"बोल सारंग," शेखरदादा मऊ आवाजात म्हणाले. इतक्या मऊ, की खाली काय आहे ते सारंगला बरोबर लागलं.

तो उभा राहिला. फोन उघडला. फोनमधे एकच भाषण होतं. दुसरं लिहिलेलंच नव्हतं, कारण दुसऱ्याची गरज पडणार नव्हती. वाचायला सुरुवात करू, मधे कुठेतरी वळण घेता येईल, असं म्हणून त्याने सुरुवात केली. सत्य झालं. पंगत झाली. एका ओळीत बसलेले देश झाले. पुढच्या रांगेत एका काकूंनी डोळ्याला रुमाल लावला. भाषण चांगलं असलं की हाच घोळ होतो, त्यात वळायला जागा राहत नाही. "ज्या पंगतीत मी स्वतः जेवलो," त्याने वाचलं, "ती पंगत झालीच नाही, असं माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणून माझ्या मते संजीवनीताई..."

तो थांबला. वर पाहिलं.

शेखरदादा हळूच मान हलवत होते. पोराने तिसरं आइस्क्रीम मागितल्यावर बाप हलवतो तशी. आणि मागे, दाराशी, संजीवनीताई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली होती. एका हाताने दारही लोटून धरलं होतं. सारंग काय म्हणणार हे त्यांनी केव्हाच गृहीत धरून टाकलं होतं.

त्याचाच त्याला राग आला. एवढंच झालं. मोठं काही झालं नाही.

"पात्र," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती शेखरदादांनी. उभे राहून वाजवली. "बघा!" ते म्हणाले. "याला म्हणतात स्वतंत्र समिती! या देशात जे कोणाला जमलं नाही ते आपण करून दाखवलं." सगळे उभे राहिले. नीतावहिनीही राहिल्या, काय चाललंय ते नीट न कळून.

लिफ्टपाशी दादांनी सारंगला गाठलं. आवाज अजूनही मऊच.

"तुला विरोध करायची परवानगी दिली होती, सारंग. जिंकायची नव्हती दिली."

"दादा, मला काय माहीत अभयकाकांनीपण..."

"अभयला कोणी दिली परवानगी?"

"चारुदत्तने."

शेखरदादांनी लिफ्टचं बटण दुसऱ्यांदा दाबलं. "आता परवानग्या चारू द्यायला लागला," ते म्हणाले. आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच ते खरोखर दुखावल्यासारखे दिसले.

*

बँकेची मेल दोनच दिवसांत आली. जागा सध्या भरायची नाही असं ठरलंय, आपल्या रसाबद्दल आभार.

ती वाचेपर्यंत ग्रुपवर दुसरं सुरू झालं होतं. नीतावहिनींनी मंडळाच्या ऐक्यासाठी अर्ज मागे घेतला होता. खरं म्हणजे शेखरदादांनी रात्रभर बसून मतं मोजली होती, आणि मागच्या खेपेच्या सातांचं यंदा काय होणार ते त्यांना कळलं होतं. हरलेल्या उमेदवारापेक्षा माघार घेतलेला उमेदवार फोटोत चांगला दिसतो. फोटो आलाच. मधे हार घातलेल्या संजीवनीताई, एका बाजूला नीतावहिनी, दुसऱ्या बाजूला शेखरदादा, सगळ्यांत मोठं हसू त्यांचं. खाली ओळ: "मंडळाची उज्ज्वल परंपरा कायम! अध्यक्षांची निवड बिनविरोध!" आणि त्याखाली अभिनंदनाचा पाऊस. बसेस जाळणारे, लोकशाहीची थट्टा म्हणणारे, सगळे त्यात होते. बिनविरोध म्हटलं की मराठी माणसाचा ऊर भरूनच येतो.

मत कोणालाच द्यावं लागलं नाही.

सारंग ताईंकडे गेला तेव्हा दार जाईने उघडलं. आत ताई फोनवर नाटकातल्या भूमिका वाटत होत्या.

"मम्माला बोलले मी," जाई सारंगला म्हणाली. "सो यू ऑल्सो वॉकओव्हर, सेम ॲज प्रेसिडेंट. शी गॉट सो अँग्री."

ताईंनी फोन ठेवला. "मला मतं हवी होती रे," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांचा चेहरा खरंच पडला. "मोजून हवी होती. पण आता काय, सगळे एवढे खूश आहेत. नाही कसं म्हणायचं?" मग त्या उठल्या, त्याच्यासाठी पान मांडलं, कढी गरम केली. "पण एक सांगू? ती पाचशे पानांची अट बरी आहे. तेव्हा मला राग आला होता. पण त्यातनं माणूस कळतो. मी केलं ना? मग पुढच्यांनीही करावं. मी तर म्हणते, सातशे करूया."

सारंगने हातातला घास परत पानात ठेवला.

"आणि समितीत तू आहेसच," ताई म्हणाल्या.

"ताई, मी नोव्हेंबरात परत चाललोय."

"म्हणजे? आणि बँकेचं?"

"नाही झालं."

ताई हातातली वाटी घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. "अरे, मला बोलायचंस तरी!" त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कढी वाढली, कोणाकोणाला फोन करून बघते म्हणाल्या, आणि त्या करणारही होत्या. मग कढीत डाव ढवळत त्यांनी विचारलं, "तुझ्या जागी समितीत कोणी सुचव ना मग. तरुण हवा. पण फार भाषणं करणारा नको."

"शेखरदादांना विचारा," सारंग म्हणाला. त्याला टोमणा मारायचा होता. "त्यांना माणसं बरोबर सापडतात."

"विचारलं की कालच," ताई सहज म्हणाल्या. "सल्लागार केलंय ना आपण त्यांना. ते म्हणाले, कोणीही घे, फक्त परवानगी मागायला येणारा घेऊ नकोस."

आणि त्या हसल्या. जोक चांगला होता, त्यामुळे सारंगही हसला.